जुन्या वडोदऱ्याचं थ्रीडी मॉडेल आहे, पण त्यातून व्हीलचेअरचा रस्ता कसा काढायचा?

नकाशाघर (प्रश्न)

मंडळी, मांडवी मध्ये धरून लहरीपुरा, चांपानेर, पाणीगेट आणि गेंडीगेट या चारही दरवाज्यांपर्यंतचे रस्ते, शिवाय न्यायमंदिराकडून खंडेराव मार्केटपर्यंतचा पट्टा, एवढ्या भागाचं थ्रीडी मॉडेल हाताशी आहे. ड्रोनच्या फोटोंवरून केलेलं. इमारती ठोकळ्यांच्या, जमिनीचा डीटीएम (इमारती-झाडं वगळून नुसत्या जमिनीच्या उंचीचं मॉडेल) १ मीटर जाळीचा. व्हीलचेअरवरच्या माणसाला कुठून कुठे जाता येईल आणि कुठे काम काढावं लागेल, हे यातून काढून महापालिकेच्या इंजिनिअरांपुढे ठेवायचं आहे.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतार काढला, १:१२ म्हणजे ८.३३ टक्क्यांची मर्यादा लावली, आणि जवळजवळ सगळा टापू हिरवा आला! प्रत्यक्षात चार रस्त्यावर फुटपाथ चढायचा म्हटलं तरी दोन माणसं लागतात. गडबड कुठे आहे? नव्याने काय मोजावं लागेल? आणि शेवटी इंजिनिअरला काय द्यायचं? मॉडेलचा व्हिडिओ दाखवून काही होत नाही, एवढं कळलंय.

---

पाणसळ

गडबड तुमच्या आकड्यांतच आहे, हिशोब करून बघा. कर्ब, म्हणजे फुटपाथची रस्त्याकडची उभी किनार, १५ सेंमी; जाळी १ मीटर. स्लोप टूल एखाद्या चौकोनाचा उतार काढताना त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी घेतं, म्हणजे मोजमाप २ मीटरवर होतं. १५ भागिले २००, उतार ७.५ टक्के. तुमची मर्यादा ८.३३. पास! १६ सेंमीचा कर्बही ८ टक्क्यांवर पास होतो, १७ ला ८.५ होऊन नापास. तुमच्या नकाशात जे थोडेफार लाल ठिपके असतील ते बहुतेक १७ सेंमी किंवा त्यावरचे कर्ब आणि घरांचे ओटे असणार. सरळसोट उभी पायरी जाळीत पसरून सौम्य रॅम्प झाली आहे.

यावर लोक जाळी बारीक करतात. १० सेंमीच्या जाळीवर तोच कर्ब ७५ टक्के उतार दाखवतो, लाल होतो, छान. पण मग स्कूटरची चाकं, लारीचे पाय, वाळूचा ढीग, सगळंच लाल होतं आणि पुन्हा काही कळत नाही. सॅटेलाइटचे ३० मीटर जाळीचे डीईएम (उंचीची मॉडेलं) तर या कामात घेऊच नका. पोळीतल्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली अरुंद गल्लीची दाट वस्ती) दोन ओळी घरं आणि मधली गल्ली मिळून एका चौकोनात मावतात, त्यातून निघणारा उतार छपरांचा असतो.

उताराचा रास्टर (चौकोनांचा नकाशा) कर्बसाठी वापरायचाच नाही. कर्ब ही रेघ आहे, ती रेघ म्हणूनच काढायची. पॉइंट क्लाउड (मोजलेल्या थ्रीडी बिंदूंचा ढग) असेल तर रस्त्याला काटकोनात दर अर्ध्या मीटरला छेद घ्या. छेदात जिथे १० सेंमीच्या आडव्या अंतरात ३ सेंमीहून जास्त उडी आहे तिथे खूण, आणि खुणा जोडून ब्रेकलाइन, म्हणजे उंची तुटते ती रेघ. वरच्या आणि खालच्या बाजूची उंची वजा केली की कर्बची उंची मिळते. ड्रोनच्या क्लाउडमध्ये कडेला गाडी उभी असेल तिथे रेघ तुटते. ती अंदाजाने जोडू नका, तुटलेलीच ठेवा.

दुसरं म्हणजे मार्ग काढायचं जाळं, बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांचं. रस्त्याच्या मधल्या रेघेवर मार्ग काढत असाल तर फुटपाथ तुमच्या मॉडेलमध्ये अस्तित्वातच नाही. डावा फुटपाथ, उजवा फुटपाथ आणि रस्ता ओलांडायची जागा, तिन्ही वेगळ्या कडा हव्यात. ओलांडायच्या कडेच्या दोन्ही टोकांना एकेक बिंदू, आणि कर्बची उंची त्या बिंदूवर. पोळीत फुटपाथ नसतोच, तिथे गल्ली हीच कड.

प्रत्येक कडेवर कमीत कमी मोकळी रुंदी, जास्तीत जास्त उतार, आडवा उतार आणि पृष्ठभाग एवढं हवंच. सरासरी कुठेही लिहू नका. २० मीटरच्या तुकड्याचा सरासरी उतार २ टक्के आणि त्यातच १.२ मीटरचा १५ टक्क्यांचा चढ, असं अगदी सर्रास असतं. खुर्ची अडते ती त्या १.२ मीटरवर. रुंदी बदलली, पेव्हरचं डांबर झालं, मध्ये खांब आला, की कड तिथे तोडा.

---

लेव्हल_मशीन

पाणसळ यांच्याशी सहमत. मोजण्याबद्दल लिहितो, कारण माती होते ती तिथेच.

सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्स नेटवर्क (कायमच्या उपग्रह-केंद्रांचं) घेऊन आरटीके रोव्हर (त्या केंद्रांकडून दुरुस्ती घेणारा फिरता रिसीव्हर) फिरवला की उंचीत उघड्यावर साधारण २ सेंमीची चूक धरायची. शहराच्या नकाशाला हे सुरेख आहे. पण १.२ मीटर लांबीच्या रॅम्पच्या दोन टोकांना मोजलं आणि चुका उलट्या दिशांना गेल्या, तर ४ सेंमीचा फरक, म्हणजे ३.३ टक्के. खरा ८.३ टक्क्यांचा रॅम्प ५ टक्के दिसू शकतो, ११.६ सुद्धा. त्यावर पास-नापास ठरवणं म्हणजे नाणं उडवणं. पोळीत तर उंच भिंतींवरून सिग्नल परावर्तित होतो, फिक्स (पक्की जागा) मिळाला असं दाखवतं आणि तो खोटा असतो. तिथे चौकातल्या उघड्या जागी दोन बिंदू पक्के करून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) आत जा.

रॅम्पचा उतार ६० सेंमीच्या डिजिटल पाणसळीने घ्या. ०.१ अंशाची अचूकता म्हणजे ०.२ टक्क्यांच्या आत. रॅम्पवर तीन जागी लांबीत आणि एकदा आडवी ठेवा, चारही आकडे लिहा, सर्वांत वाईट तो ग्राह्य. १:१२ म्हणजे पाणसळीवर ४.८ अंश, हे पाठच करून टाका.

कर्बची उंची टेपने. रॅम्प जिथे रस्त्याला टेकतो तिथला उंबरा स्वतंत्र लिहायचा, तो सगळेच विसरतात. रॅम्प १:१५ चा देखणा आणि पायथ्याशी ४ सेंमीचा उंबरा असेल तर पुढची छोटी चाकं तिथेच अडकतात आणि माणूस पुढे झुकतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये 'लोअर्ड' कर्ब साधारण ३ सेंमीपर्यंतच धरतात, त्यावर 'रेझ्ड'. ओपनराउटसर्व्हिस या मार्ग काढणाऱ्या सेवेच्या व्हीलचेअर प्रोफाइलला कर्बची मर्यादा सांगितली नाही तर ते ६ सेंमी धरून चालतं. स्वतः ढकलायच्या खुर्चीसाठी ती ३ वर आणा. माती, पानं, पाणी सारून मग मोजा. गटारात गाळ असेल तर १५ चा कर्ब ११ भरतो.

रुंदी सगळ्यात अरुंद जागी: डीपीच्या (विजेच्या वितरणाच्या) पेटीपाशी, झाडाच्या कठड्यापाशी, दुकानाच्या पायरीपाशी. ९० सेंमीच्या खाली खुर्ची जात नाही. वळायला १.५ मीटरचं वर्तुळ लागतं, निदान कोपऱ्यांवर ते तपासा.

बॅकपॅक किंवा हातातला स्लॅम स्कॅनर (चालता चालता आजूबाजूचं मोजणारा) मिळत असेल तर पोळीसाठी ड्रोनपेक्षा चांगला, छज्ज्याखालचंही येतं. फक्त सरळ चालत जाऊन तिकडेच बंद करू नका. निघालात तिथेच परत या, लूप ३००-४०० मीटरपेक्षा मोठा नको, आणि ओळखीच्या खुणा वाटेत असू द्या. लूप जुळला नाही तर दुसऱ्या टोकाला जमीन दहा-वीस सेंमी वर तरंगते आणि तुमच्या मॉडेलमध्ये नसलेली पायरी उगवते.

वेळ दोन घ्या. पहाटे सहाच्या सुमारास बांधकामाची मापं, दुकानं बंद असताना. संध्याकाळी सहा ते आठ पुन्हा तीच वाट, फक्त मोकळी रुंदी. दोन्ही वेगळ्या रकान्यांत. १.८ मीटरचा फुटपाथ संध्याकाळी ६० सेंमी उरतो आणि तो प्रश्न सिव्हिलच्या इंजिनिअरचा नाही, दबाण (अतिक्रमण) खात्याचा आहे. एकाच रकान्यात मिसळलंत की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील. गणपती आणि नवरात्रातले मांडव तिसऱ्या रकान्यात, तारखांसह.

---

नकाशाघर

७.५ टक्क्यांचा हिशोब बघून डोकंच धरलं. आता पुढचं विचारतो. समजा सगळे अडथळे मिळाले, दोनशे-अडीचशे निघतील. एका वर्षात सगळे होणार नाहीत. आधी कुठला, हे मॉडेल सांगू शकेल का?

---

जोडकडा

इथेच मॉडेलचा पैसा वसूल होतो, नाहीतर यादी करायला टेप आणि वही पुरते.

पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये जाळं घाला, त्यावर मार्ग काढणारं पीजीराउटिंग चालवा. कडेला जाण्याचा आणि येण्याचा खर्च वेगळा द्या. ६ टक्के चढ आणि ६ टक्के उतरण एक नव्हे. खर्च मीटरमध्ये न धरता श्रमात धरा, म्हणजे अंतराला चढाचा आणि पृष्ठभागाचा गुणक. मर्यादेबाहेरच्या कडा काढून टाका. मग जाळ्याचे किती सुटे तुकडे पडले ते बघा. जुन्या शहरात बहुतेक प्रत्येक ब्लॉक एक बेट होतो: फुटपाथवर चढलात तर त्या कोपऱ्यापर्यंत, पुढे नाही.

आता एकेक अडथळा काढून बघायचा आणि किती घरं, दवाखाने, बस थांबे, बँका, रेशन दुकानं नव्याने जोडली जातात ते मोजायचं. साधी कल्पना आहे, पण एक खोच आहे. ओलांडायच्या जागेला दोन टोकं असतात. एकाच बाजूचा कर्ब उतरवला तर फायदा शून्य, कारण पलीकडे चढता येत नाही. एकेक अडथळा तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अशा सगळ्यांना शून्य गुण मिळतात आणि यादीत भलतेच अडथळे वर येतात. म्हणून एकक अडथळा नको, मार्ग घ्या. दोन महत्त्वाची ठिकाणं निवडा, उदाहरणार्थ खंडेराव मार्केटजवळचा थांबा आणि मांडवी. त्यांच्यातल्या सर्वांत कमी अडथळ्यांच्या मार्गावरचे सगळे अडथळे एक गठ्ठा. गठ्ठ्याचा खर्च आणि गठ्ठ्यामुळे जोडली जाणारी ठिकाणं, या गुणोत्तरावर क्रम लावा. पहिला गठ्ठा झाला असं धरून दुसऱ्यासाठी पुन्हा चालवा, क्रम बदलतो.

आणि कृपा करून रिकामा रकाना म्हणजे ठीक असं धरू नका. कर्ब मोजला नाही त्या बिंदूला तिसरी अवस्था द्या आणि मार्ग दोनदा काढा: एकदा अज्ञात सगळे चांगले धरून, एकदा सगळे वाईट धरून. दोन्हींत फरक पडतो तिथेच टेप घेऊन जायचं. मोजणीचे निम्मे फेरे वाचतात.

---

पांढरी_काठी

सगळी चर्चा चाकांची चालू आहे. दृष्टिहीन माणसासाठी हेच मॉडेल वेगळं चालवावं लागतं आणि कधीकधी उलटं.

व्हीलचेअरला कर्ब शून्य हवा. काठीला मात्र कडा लागते, फुटपाथ संपून रस्ता सुरू झाला हे तिथेच कळतं. कडा काढली की तिथे ठिपक्यांच्या इशारा-टाइल्स लागतातच, ३०० बाय ३०० मिमीच्या, उताराच्या पूर्ण रुंदीत. मॉडेलमध्ये 'कर्ब शून्य आणि टाइल नाही' हा व्हीलचेअरसाठी हिरवा आणि दृष्टिहीनासाठी लाल, असा बिंदू हवा. एकच रंग देणारा नकाशा कुणाचा तरी घात करतो.

टाइल आहे की नाही एवढं लिहून भागत नाही. पट्ट्यांची टाइल दिशा दाखवते, ठिपक्यांची थांबवते. पेव्हर बदलताना दोन्ही कशाही बसवतात, आणि दिशा-पट्टी थेट झाडावर किंवा डीपीवर नेऊन संपवतात. म्हणून पट्टीची रेघ वेगळी काढा आणि दोन्ही बाजूंना ६० सेंमी मोकळं आहे का ते तपासा.

थ्रीडीचा खरा उपयोग इथे आहे. काठी जमिनीवर फिरते. कमरेच्या वर भिंतीतून किंवा खांबावरून बाहेर आलेली वस्तू तिला सापडत नाही, डोक्याला सापडते. दुकानाची पाटी, एसीचं बाहेरचं युनिट, शटरचं कुलूप-पट्टं, ताडपत्रीची दोरी. चालायच्या पट्ट्यावर जमिनीपासून ०.७ ते २.२ मीटर उंचीतले सगळे पॉइंट गाळून काढा आणि त्यांच्या बरोबर खाली जमिनीलगत काही आहे का बघा. खाली काही नाही आणि वर आहे, तो धोका. जमिनीची उंची वजा करूनच गाळा, नाहीतर चढावर फुटपाथच अडथळा ठरतो. दोरी आणि वायर विरळ क्लाउडमध्ये येतच नाहीत, त्या डोळ्यांनीच टिपाव्या लागतील.

---

गवंडीकाम

इंजिनिअरला काय द्यायचं ते सांगतो. सिटीजीएमएल, सिटीजेसन वगैरे थ्रीडी शहरांचे फॉरमॅट तुमच्या साठवणीला ठीक, पण त्यांच्या टेबलावर डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचं ड्रॉइंग) आणि एक्सेल चालतं. प्रत्येक कामाला एक ओळ: रस्ता, साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), बाजू, आजची उंची, काम, परिमाण, दोन फोटो. फोटोत टेप दिसलाच पाहिजे.

उदाहरण घ्या. साखळी ०+२४०, डावी बाजू, कर्ब १९० मिमी. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शिका) फुटपाथची उंची १५० च्या वर जाऊ देत नाही, हे आधी लिहा. 'रॅम्प करणे' एवढंच लिहून दिलंत तर काय होईल? १९० ला १:१२ म्हणजे २.२८ मीटर लांबी, वर १.२ मीटरची सपाट जागा, एकूण ३.४८ मीटर. फुटपाथ आहे १.८ मीटरचा. मावत नाही. मग ठेकेदार मावेल तेवढ्यात बसवतो, १:५ चा घसरगुंडीसारखा रॅम्प तयार होतो आणि नोंद मात्र 'रॅम्प केला' अशी पडते. १५० च्या कर्बलाही १.८ अधिक १.२, म्हणजे ३ मीटर खोली लागते, ती जुन्या शहरात क्वचितच मिळते.

तेव्हा अरुंद फुटपाथला दोन पर्याय. एक, कोपऱ्यावरचा सगळा फुटपाथच खाली आणायचा, उतार चालण्याच्या दिशेने दोन्हीकडे. पण लगत दुकानाचं दार असेल तर त्याच्यापुढे नवी पायरी तयार होते, दुकानांच्या उंबऱ्यांची पातळी मॉडेलमध्ये हवी ती यासाठी. दुसरा, रस्ताच फुटपाथच्या पातळीला उचलायचा, टेबल-टॉप क्रॉसिंग. गाड्याही हळू होतात. यात मार खायचा तो पाण्याचा: वरच्या बाजूचं पाणी अडतं, म्हणून कडेने गटाराची जाळी किंवा पाइप लागतो. जाळीच्या फटी १२ मिमीपेक्षा रुंद नकोत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या बसवायच्या, नाहीतर पुढचं चाक फटीत उतरतं.

उंचीचं एक पक्कं करून घ्या. जीएनएसएसची (जीपीएससारख्या उपग्रहांवरून काढलेली) उंची एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरची, असते, महापालिकेच्या लेव्हल समुद्रसपाटीपासूनच्या. एका शीटवर दोन्ही मिसळल्या की ड्रेनेजवाले ती शीट बाजूला ठेवतात आणि त्यांचं बरोबरच आहे. आडव्या मापांना यूटीएम ४३ उत्तर ही निर्देशांक-पद्धत, वडोदरा त्यातच येतं.

---

ऊन_पाऊस

थोडक्यात दोन गोष्टी. मॉडेल आहेच तर सावली काढा. वडोदरा २२.३ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, इमारतीची सावली पडतच नाही. म्हणून भर दुपारचा नकाशा इमारतींसाठी निरुपयोगी. सकाळी १० आणि दुपारी ४ चा काढा. मधल्या वेळेला फक्त झाडं आणि छज्जे उपयोगाचे, ते ठोकळ्यांच्या मॉडेलमध्ये नसतात, क्लाउडमधून घ्यावे लागतील. कुबड्या घेऊन चालणाऱ्याला मे महिन्यात ३०० मीटर उन्हातून जाणं आणि ३०० मीटर सावलीतून जाणं हे दोन वेगळे मार्ग आहेत.

पाऊस: ब्रेकलाइन घातलेल्या डीटीएमवर खोलगट जागा भरून बघा. ओलांडायच्या जागेशी ५ सेंमी पाणी साचत असेल तर खालचा उंबरा आणि उघडी जाळी दिसत नाही, तिथे कड पावसाळ्यापुरती बंद धरा. ऑगस्ट २०२४ सारखा विश्वामित्रीचा पूर हे वेगळं प्रकरण, ते या जाळ्यात मिसळू नका.

---

नियमवही

ड्रोन पुन्हा उडवणार असाल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा ड्रोन-क्षेत्रांचा नकाशा बघा. हरणी विमानतळाची हद्द ८ किलोमीटरच्या आत येते, जुनं शहर ग्रीन झोनमध्ये नाही, परवानगी लागेल. फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्यात १ मीटर आणि उंचीत ३ मीटरपेक्षा बारीक माहिती भारतीय संस्थाच गोळा करू शकते आणि ती देशातच साठवायची. तुमचे सेंमीचे आकडे त्यातच बसतात, तेव्हा परदेशी क्लाउड-सर्व्हरवर प्रोसेसिंगला टाकण्यापूर्वी विचार करा. फोटोंतले चेहरे आणि गाड्यांचे नंबर धूसर करा.

अहवालात आधार म्हणून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या एकत्रित मार्गदर्शिका लिहा. 'सोय म्हणून' मागितलेलं काम शेवटच्या पानावर जातं.

---

लेव्हल_मशीन

एक राहिलं. प्रत्येक मापाला तारखेचा रकाना घाला आणि रस्ते विभागाची डांबरीकरणाची यादी मागवून घ्या. जुना थर न खरवडता वर ४० मिमी टाकला की १५० चा कर्ब ११० होतो. खुर्चीला बरं झालं असं वाटतं, पण आधी केलेल्या रॅम्पचा पायथा नव्या डांबराच्या ४० मिमी खाली जातो. तिथे चर पडते, पाणी साचतं, चाक रुततं, आणि तुमच्या मॉडेलमध्ये तो बिंदू हिरवाच राहतो. डांबर पडलं की त्या रस्त्यावरचे कर्बचे सगळे आकडे एका क्वेरीने 'अज्ञात' करून टाका.